मास्टर विठ्ठल : मूकपटाकडून बोलपटाकडे

(बी. ए. द्वितीय वर्ष, मराठी)

आमचे गाव म्हणजे देवगाव फाटा. एक रस्ता सेलूकडे जातो, एक जिंतूरकडे आणि एक मंठ्याकडे. बहुतेक माणसे इथे एसटीतून उतरतात ती पुढे कुठेतरी जाण्यासाठी. या फाट्यावरून रोज महाविद्यालयात जाणारी आमच्या घरातील मी पहिलीच. माझ्या आईला सहीपुरती अक्षरे येतात, वडिलांचे शिक्षण चौथीत सुटले. त्यामुळे 'अभ्यासपूर्ण लेख' लिहिण्याचा अधिकार मला कितपत आहे, असा प्रश्न एखाद्या वाचकास पडला तर तो मी चुकीचा मानणार नाही. परंतु हा विषय मी निवडला नाही, तोच माझ्यामागे लागला. तो कसा, हे आधी सांगते.

गेल्या वर्षी एका एकांकिकेसाठी माझी राणीच्या भूमिकेसाठी निवड झाली. उंची बरी, चेहरा बरा, पाठांतर चोख. पहिल्याच तालमीत माझे वाक्य होते, "पाणी आणा." मी म्हणाले, "पानी आना." सगळे हसले. मीही हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच झाले, मग मात्र मला हसू आले नाही. तिसऱ्या दिवशी राणीचे काम दुसऱ्या मुलीला मिळाले आणि मी तिच्यामागे पंखा हलवणारी दासी झाले. दासीला वाक्य नव्हते. प्रयोगाच्या दिवशी मी वीस मिनिटे न बोलता उभी होते. लोक म्हणाले, दासी फार छान उभी होती!

त्यानंतर काही दिवसांनी ग्रंथालयात चित्रपटांच्या इतिहासावरील एक पुस्तक चाळत होते. त्यात एक माहिती वाचली आणि माझा हात तिथेच थांबला. भारताच्या पहिल्या बोलपटाच्या नायकाला त्या बोलपटात फारसे बोलूच दिले नव्हते! तो नायक मराठी होता. त्याचे नाव मास्टर विठ्ठल. तेव्हापासून मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेले. प्रस्तुत लेख हा त्या वाचनाचा आढावा आहे.

मूकपटाचे राज्य

आजच्या पिढीला मूकपट म्हणजे काहीतरी अपुरे, मुके, बिचारे वाटते. वस्तुस्थिती तशी नव्हती. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात प्रदर्शित झाला. तेव्हापासून पुढची सुमारे वीस वर्षे आपल्या देशात हजाराहून अधिक मूकपट तयार झाले. पडद्यावर माणसे बोलत नसत, परंतु चित्रगृह मुके नसे. पडद्यासमोर तबला-पेटी वाजत असे, कुठे कुठे गोष्ट समजावून सांगणारा माणूस उभा असे, आणि मधूनमधून पडद्यावर मजकुराच्या पाट्या येत. ह्या पाट्या एकाच वेळी दोन-तीन भाषांत लिहिलेल्या असत.

ही पाट्यांची गोष्ट वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी, कारण लेखाचे सारे मर्म तीत आहे. पाटी बदलली की चित्रपटाची भाषा बदलत असे, परंतु नट तोच राहत असे. कोल्हापूरचा नट लाहोरात चाले आणि कलकत्त्याची नटी मुंबईत चाले. ती कोणत्या घरात वाढली, तिच्या आईची बोली कोणती, हे पडदा विचारत नसे. डोळे, हात, चाल, उडी हीच नटाची भाषा. वाचता न येणारा प्रेक्षकसुद्धा ती भाषा वाचू शके. मला वाटते, आपल्या देशातील सामान्य माणसाला समान पातळीवर आणणारी अशी कला त्याआधी क्वचितच झाली असेल.

कोल्हापूर ते मुंबई

मास्टर विठ्ठल यांची सुरुवात रंगभूमीवर झाली. बालवयात ते नाटक मंडळीत काम करीत. म्हणजे लोकांसमोर बोलणे त्यांना अपरिचित नव्हते, ही गोष्टही पुढे उपयोगी पडणार आहे. तेथून ते कोल्हापूरला बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले. ही कंपनी म्हणजे मराठी चित्रपटाची शाळाच होती. व्ही. शांताराम, बाबूराव पेंढारकर अशी पुढे नावाजलेली माणसे इथेच घडली. या शाळेत प्रत्येकाला सर्व कामे करावी लागत. विठ्ठल यांनीही आधी फिल्म कापण्या-जोडण्याचे, म्हणजे आज ज्याला आपण संकलन म्हणतो ते काम केले. पडद्यावर ते प्रथम दिसले ते 'कल्याण खजिना' (१९२४) या चित्रपटात, आणि तेही एका नर्तकीच्या वेषात! स्त्रियांनी चित्रपटात काम करणे अजून सर्वमान्य झालेले नव्हते. फाळक्यांची तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती, त्याला तेव्हा फार वर्षे झाली नव्हती.

१९२५ साली मुंबईत शारदा फिल्म कंपनी निघाली. तिच्या 'रतन मंजिरी' (१९२६) या चित्रपटात विठ्ठल नायक झाले आणि त्यांचे नशीब फिरले. तलवारबाजी, घोडदौड, तटावरून उड्या, राजकन्येची सुटका अशा साहसी चित्रपटांचे ते राजे बनले. अमेरिकेचा डग्लस फेअरबँक्स हा त्या काळी अशाच चित्रपटांसाठी जगभर प्रसिद्ध होता. त्याचा 'थीफ ऑफ बगदाद' (१९२४) आपल्याकडेही लोकांनी डोक्यावर घेतला होता. म्हणून विठ्ठल यांना लोक 'भारताचा डग्लस फेअरबँक्स' म्हणू लागले. मूकपटाच्या अखेरच्या काळात सर्वांत जास्त पगार घेणाऱ्या नटांत त्यांची गणना होत असे.

'आलम आरा' आणि न्यायालय

अमेरिकेत १९२७ सालापासून बोलपट सुरू झाले. मुंबईत इम्पीरियल फिल्म कंपनीचे मालक अर्देशीर इराणी यांनी पहिला भारतीय बोलपट काढण्याचे ठरविले. जोसेफ डेव्हिड यांचे नाटक निवडले. नायिका जुबेदा. नायकाच्या भूमिकेची आस तेव्हा कंपनीत लहानसहान कामे करणाऱ्या एका तरुणाला होती असे सांगतात. त्याचे नाव मेहबूब खान, ज्याने पुढे १९५७ साली 'मदर इंडिया' काढला. परंतु एवढा खर्च करायचा तर नायक नावाजलेला हवा, म्हणून मास्टर विठ्ठल यांना बोलावणे आले.

विठ्ठल शारदा कंपनीशी कराराने बांधलेले होते. ते इम्पीरियलकडे गेले तेव्हा शारदाने करारभंगाचा दावा लावला. विठ्ठल यांची बाजू मांडली बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी, आणि निकाल विठ्ठल यांच्या बाजूने लागला. एका मराठी नटाच्या बोलण्याच्या हक्कासाठी एवढा मोठा वकील उभा राहिला, असे म्हणावयास हरकत नाही. फक्त ते बोलणे पुढे झालेच नाही, हा दैवदुर्विलास.

'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातील मॅजेस्टिक चित्रगृहात लागला. त्यात सात गाणी होती. गर्दी आवरण्यासाठी पोलीस बोलवावे लागले. हा बोलपट तयार कसा झाला हे वाचताना मौज वाटते. स्टुडिओजवळून आगगाडीचा मार्ग जात होता, म्हणून गाड्यांची ये-जा थांबल्यावर मध्यरात्रीनंतर चित्रीकरण करावे लागे. ध्वनी आणि चित्र एकाच फितीवर एकाच वेळी उतरत असत. म्हणजे आज करतात तसे चित्र आधी घेऊन आवाज मागाहून भरण्याची सोय नव्हती. ध्वनिग्राहक यंत्र झाडाझुडपांत, पडद्याआड लपवून ठेवावे लागे. नटाने जे बोलावे ते तिथेच, तसेच, कायमचे नोंदले जाणार.

आणि इथेच घोटाळा झाला. चित्रपट हिंदुस्तानी भाषेत होता, तोही पारशी रंगभूमीच्या उर्दू वळणाचा. विठ्ठल यांचे उच्चार त्या वळणाचे नव्हते. चित्रपटाचे इतिहासकार सांगतात की, म्हणून नायकाला बराच वेळ गुंगीत, अर्धवट शुद्धीत दाखविण्यात आले, म्हणजे त्याला बोलावे लागू नये! ज्या चित्रपटाची जाहिरातच 'बोलणारा' म्हणून झाली, त्यात ज्याच्या नावावर गर्दी जमली तोच अबोल राहिला.

मी हे आमच्या आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना सांगितले. आबांनी जत्रेतल्या तंबूत पुष्कळ सिनेमे पाहिलेले आहेत. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "इठ्ठल कधी बोलतो का पोरी? त्यो इटंवर उभाच ऱ्हातो. बोलायचं आपुन." मला आधी हसू आले, परंतु रात्री झोपताना वाटले की आबा विनोद करीत नव्हते.

दोष कोणाचा?

सर्वसाधारणपणे असे लिहिले जाते की, बोलपट आला आणि ज्यांचा आवाज चांगला नव्हता ते नट मागे पडले. मास्टर विठ्ठल यांचे नावही या यादीत घालतात. मला हे मत अपुरे वाटते. माझ्या अल्प बुद्धीप्रमाणे त्याची कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

पहिले कारण असे की, विठ्ठल यांची कारकीर्द 'आलम आरा'नंतर संपली नाही. ते मराठी बोलपटांकडे वळले. १९३३ साली 'औट घटकेचा राजा' हा चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला. हिंदीत तोच 'आवारा शहजादा' या नावाने निघाला आणि त्यात शाहू मोडक यांनी दुहेरी भूमिका केली. पुढे भालजी पेंढारकरांच्या 'नेताजी पालकर' (१९३९) मध्ये आणि प्रभातच्या 'रामशास्त्री' (१९४४) मध्येही विठ्ठल यांनी कामे केली. आवाजच वाईट असता तर मराठीतही त्यांना कोणी उभे केले नसते. म्हणजे दोष आवाजाचा नव्हता. दोष, जर त्याला दोष म्हणायचे असेल तर, दोन भाषांमधल्या अंतराचा होता.

दुसरे कारण यंत्राचे आहे. मूकपटात कॅमेरा मोकळा होता. घोडा धावला की त्यामागे धावता येई. सुरुवातीच्या बोलपटात कॅमेऱ्याची घरघर ध्वनिग्राहकात शिरू नये म्हणून त्याला बंदिस्त करावे लागे, आणि नटाला यंत्राच्या जवळ उभे राहून बोलावे लागे. उघड्या माळावरच्या चकमकी महाग व अवघड झाल्या. गाणी आणि संवाद पुढे आले. म्हणजे विठ्ठल यांची जीभच तेवढी अडली असे नाही, तर त्यांचे शरीरही बांधले गेले. ज्या गुणावर ते राजे झाले होते त्या गुणालाच पडद्यावर जागा उरली नाही.

यावर कोणी म्हणेल, भाषा शिकता येते! हे खरेच आहे. इम्पीरियलचीच लोकप्रिय नटी सुलोचना, मूळ नाव रूबी मायर्स, हिला हिंदुस्तानी येत नव्हती. तिने वर्षभर काम थांबवून ती भाषा शिकून घेतली आणि १९३२ साली 'माधुरी'च्या बोलपटातून ती दिमाखात परत आली. विठ्ठल यांनी असे का केले नाही, याचे उत्तर मला कुठे वाचायला मिळाले नाही, म्हणून मी ते रचून सांगणार नाही. परंतु सुलोचनेच्या उदाहरणावरून एक गोष्ट निश्चित कळते. शिकण्यासाठी इच्छा लागते तसाच वेळही लागतो, आणि त्या वेळात आपली जागा कोणीतरी राखून ठेवावी लागते. तिसऱ्याच दिवशी भूमिका बदलली तर कोण शिकणार?

महाराष्ट्र फिल्म कंपनीतूनच आलेल्या बाबूराव पेंढारकरांची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहावी. प्रभातचा 'अयोध्येचा राजा' ६ फेब्रुवारी १९३२ रोजी प्रदर्शित झाला. हा पडद्यावर आलेला पहिला मराठी बोलपट. त्यात गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, दुर्गाबाई खोटे तारामती, आणि बाबूराव पेंढारकर गंगानाथ होते. पेंढारकरांना मूकपटातून बोलपटात येताना पहिले पाऊल स्वतःच्या भाषेत टाकता आले. पुढे ते हिंदीतही गाजले. 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' (१९४६) आणि 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) मध्ये ते आहेत. आचार्य अत्रे यांच्या 'महात्मा फुले' (१९५४) या चित्रपटात तर ते स्वतः जोतीराव झाले. माझ्यासारख्या मुलीला शाळेचे दार ज्यांनी उघडून दिले त्यांचा आवाज पडद्यावर एका जुन्या मूकपट-नटाने व्हावे, ही गोष्ट मला फार भावली.

सातासमुद्रापलीकडचे एक उदाहरण

हे केवळ आपल्याकडे घडले असे नाही. एमिल यानिंग्स हा जर्मन मूकपटांचा थोर नट. त्याचा जन्म १८८४ सालचा. दिग्दर्शक मुर्नाऊ याच्या १९२४ सालच्या 'शेवटचा माणूस' या चित्रपटात त्याने एका मोठ्या हॉटेलच्या दरवानाचे काम केले. म्हातारा झाला म्हणून त्याचा झळझळीत गणवेश काढून घेतात आणि त्याला शौचालयात टॉवेल देण्याच्या कामावर ठेवतात. या चित्रपटात संवादाच्या पाट्या जवळजवळ नाहीतच. मी तो मोबाईलवर पाहिला. आईही शेजारी बसून पाहत होती. तिला एका अक्षराचीही गरज पडली नाही. गणवेश काढून घेतात त्या ठिकाणी ती एवढेच म्हणाली, "मानसाचा कोट न्हाई काढला, मानूसच काढला."

यानिंग्स नंतर अमेरिकेत गेला. १९२९ साली ऑस्कर पुरस्कार प्रथम दिले गेले तेव्हा उत्कृष्ट नटाचा पहिला मान त्यालाच मिळाला. परंतु तोवर बोलपट आला होता आणि त्याचे इंग्रजी उच्चार जाड जर्मन वळणाचे होते. पुरस्कार घेऊन तो मायदेशी परतला. १९३० साली त्याने मार्लेन डीट्रिख हिच्यासह 'निळी देवदूत' या बोलपटात काम केले, आणि स्वतःच्या भाषेत तो पुन्हा मोठा ठरला. हा चित्रपट जर्मन व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत घेतला गेला.

इथपर्यंत ही कथा सुखान्त वाटते, पण ती तशी नाही. १९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली. यानिंग्सने त्या राजवटीच्या प्रचारपटांत मोठमोठ्या भूमिका केल्या. १९४५ नंतर त्याला पुन्हा पडद्यावर येता आले नाही. १९५० साली तो वारला. त्याच्या चरित्रावरून मी एक गोष्ट शिकले. आपली भाषा परत मिळणे हे अर्धेच काम आहे. ती मिळाल्यावर आपण काय बोलतो, कोणाच्या बाजूने बोलतो, हे उरलेले अर्धे.

उत्तरायुष्य आणि हरवलेला पुरावा

मास्टर विठ्ठल पुढे मराठी चित्रपटांत लहान होत जाणाऱ्या भूमिका करीत राहिले. १९६९ साली त्यांचे निधन झाले. ज्याच्या नावावर एकेकाळी चित्रगृहे भरत, त्याचे नाव आज चित्रपट आवडीने पाहणाऱ्यांनाही माहीत नसते. माझ्या वर्गातील मैत्रिणींना विचारले तेव्हा एकीलाही ठाऊक नव्हते. मलाही वर्षापूर्वी नव्हतेच.

सर्वांत खेदाची गोष्ट पुढेच आहे. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे, ती लवकर पेट घेई व लवकर कुजे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोवर फार उशीर झालेला होता. मूकपटांपैकी तर अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके शिल्लक आहेत.

याचा अर्थ काय होतो, ते पाहा. विठ्ठल यांना नीट बोलता येत नव्हते, हा निकाल नव्वदाहून अधिक वर्षे पुस्तकांतून छापला जात आहे. परंतु ज्या बोलण्यावर तो निकाल लागला ते बोलणे ऐकायला आज कोणाजवळ काही नाही. यानिंग्सचे जर्मन आणि इंग्रजी दोन्ही आपण ऐकू शकतो व आपले मत बनवू शकतो. विठ्ठल यांच्या बाबतीत मात्र पुरावा जळून गेला आणि निकाल तेवढा उरला. अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने अशा निकालांकडे थोडे सावधपणे पाहिले पाहिजे, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.

समारोप

हा लेख लिहून मी काय मिळविले, असे आई विचारते. मी तिला सांगितले की मला दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे, माझ्या बोलण्यातला 'न' हा माझ्या जिभेचा आजार नव्हे. तो माझ्या आईचा, आबांचा, फाट्यावरच्या साऱ्या माणसांचा उच्चार आहे, आणि त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. दुसरी म्हणजे, तरीसुद्धा 'ण' शिकायचा. कारण मला पुढे आकाशवाणीवर निवेदिका व्हायचे आहे, आणि भाषा येत नाही म्हणून मला कोणी गुंगीत झोपवावे हे मला मान्य नाही. सुलोचनेला वर्ष लागले. मी दोन धरले आहेत.

गेले सहा महिने मी रोज संध्याकाळी आबांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवते. वाचताना 'पाणी' म्हणते. वाचून झाले की आबा म्हणतात, "लई वाचलंस, पानी पी." मी पानी पिते. या वर्षी पुन्हा एकांकिकेच्या निवडीसाठी नाव दिले आहे. निकाल हा अंक छापून येईपर्यंत लागलेला असेल. वाचकांपैकी कोणी तो प्रयोग पाहिला तर मी कुठे उभी होते, आणि बोलले की नाही, ते त्यांना माझ्या आधी सांगता येईल.